गळाचें रीळ आणि त्याचे कारागीर: केंटकींतील जुन्या रिळांची घडण व त्यांचे नवे भाग

चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'चा परिचय या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमारास कल्याणीच्या राजसभेंत सिद्ध झालेल्या या ग्रंथांत 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांस घालावयाचीं आमिषें, गळाची दोरी आणि काठी यांचें वर्णन त्यांत राजास शोभेल अशा गांभीर्यानें केलेलें आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञानें १९५१ सालीं त्यावर स्वतंत्र निबंध लिहून शास्त्रज्ञांचें लक्ष तिकडे वेधलें. गळाचीं उपकरणें हा इतिहासाचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका ज्यांस येईल त्यांनीं सोमेश्वराकडेच दाद मागावी. आमचें आजचें काम मात्र त्याच्या काठीशीं नाहीं. काठीच्या मुळाशीं पुढें जें एक धातूचें यंत्र येऊन बसलें, ज्यास रीळ म्हणतात, त्याच्याशीं आहे. आणि त्यांतही विशेषतः अमेरिकेंतील केंटकी राज्यांत घड्याळजींनीं हातानें घडविलेल्या रिळांशीं.

विषय परदेशचा असला तरी तो या पानांवर आणण्यास संकोच वाटत नाहीं. पोथ्या, नाणीं व सनदा पाहतांना जे प्रश्न आपणांस नित्य पडतात, म्हणजे कर्ता कोण, काळ कोणता, मूळ किती आणि मागाहून घातलेलें किती, तेच प्रश्न या मूठभर पितळी यंत्रांच्या बाबतींतही पडतात. आणि कांहीं ठिकाणीं त्यांचीं उत्तरें पोथीपेक्षां अधिक स्वच्छ मिळतात. शिवाय अडकित्ते, दिवे आणि कुलुपें हींही इतिहासाचीं साधनें आहेत, हें पुण्याच्या दिनकर केळकरांनीं आपल्या संग्रहानें सर्वांस केव्हांच पटवून दिलेलें आहे.

रिळाचें मूळ शोधूं गेल्यास तें चीनमध्यें सांपडतें. नवव्या शतकांतील लु ग्वेइमंग या तांगकालीन कवीनें मासेमारीच्या साधनांवर ज्या कविता रचल्या त्यांत गळाच्या चाकावर एक स्वतंत्र कविता आहे. मा युआन या चित्रकाराच्या नांवावर मोडणारें, ११९५ च्या सुमाराचें म्हणून मानलेलें एक चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. त्यांत होडींत एकटाच बसलेला कोळी असून त्याच्या काठीवर रीळ स्पष्ट दिसतें. 'नांवावर मोडणारें' हे शब्द आम्हीं मुद्दाम घातले आहेत; मोठ्या चित्रकाराच्या नांवावर मागाहून किती चित्रें चढतात, हें संग्राहकांस सांगावयास नको. परंतु चित्रकर्ता कोणीही असो, रिळाचा पुरावा म्हणून त्याची किंमत कमी होत नाहीं. १६०९ सालच्या 'सानत्साइ तुहुइ' या चिनी सचित्र कोशांतही रीळ आढळतें.

इंग्लंडांत ही वस्तु बरीच उशिरां दिसूं लागते. १६५१ सालीं टॉमस बार्कर या पेशानें आचारी असलेल्या गृहस्थानें गळविद्येवर जी पुस्तिका छापली, तींत काठीच्या मुळाशीं छिद्र पाडून बसविलेल्या, दोरी गुंडाळणाऱ्या यंत्राचा उल्लेख आहे, आणि इंग्रजींतील पहिला उल्लेख म्हणून तोच धरतात. आयझॅक वॉल्टनचा सुप्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा. पण चाक येतें तें त्याच्या १६५५ च्या दुसऱ्या आवृत्तींत, आणि तेथेंही ग्रंथकाराचें म्हणणें असें कीं, तें शब्दांनीं सांगण्यापेक्षां प्रत्यक्ष पाहिलेलेंच बरें. ग्रंथकारानें यंत्राचें वर्णन टाळावें आणि पुढच्यांनीं अंदाज बांधीत बसावें, हा प्रकार आपल्या शिल्पग्रंथांच्या अभ्यासकांस ओळखीचाच आहे.

या पहिल्या रिळांत मूठ थेट फिरकीच्या आंसाला जोडलेली असे. मुठीचा एक फेरा म्हणजे फिरकीचा एक फेरा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडनचा ऑनेसिमस उस्टन्सन हा दुकानदार 'गुणक' रिळें विकूं लागला होता. गुणक म्हणजे असें: मूठ एका मोठ्या दंतचक्रास जोडावयाची व फिरकीच्या आंसावर लहान दंतचक्र बसवावयाचें. मोठ्यास ४८ दांते आणि लहानास १२ असले तर मुठीच्या एका फेऱ्यांत फिरकी चार वेळां फिरते. तत्त्व जुनेंच, सारी अडचण घडणीची. दांते ओबडधोबड असले, किंवा आंस आपल्या घरांत केसभर सैल असला, तर दोन चक्रांतील अंतर बदलतें, आणि मोठा मासा ओढूं लागला कीं दांते एकमेकांवर चढतात किंवा तुटतात. त्यामुळें इंग्लंडांतील गळकऱ्यांत गुणक रिळाची अपकीर्तिच अधिक झाली, आणि तिकडील कारागिरांनीं पुढें साध्या एकफेरी रिळाचीच सुधारणा करण्याकडे लक्ष दिलें.

केंटकींतील गोष्ट निराळी होती. तेथील ओढ्यांत व नद्यांत 'ब्लॅक बास' नांवाचा, गळास लागल्यावर जोरानें झुंजणारा मासा मिळतो. त्यास लहान जिवंत मासळीचें आमिष लावून तें लांब फेकावयाचें अशी तेथील रीत पडली. आमिष हलकें, आणि फेकतांना त्या हलक्या आमिषाच्या ओढीनेंच फिरकी फिरून रेशमी दोरी सुटली पाहिजे. त्या काळच्या रिळांत फेकीच्या वेळीं फिरकी चक्रांपासून सुटी होत नसे. फिरकीबरोबर मोठें चक्रही उलट फिरे आणि मूठही फिरे. म्हणजे साऱ्या यंत्राचें घर्षण त्या चिमुकल्या मासळीच्या वजनानें ओढावयाचें! शिवाय आमिष पाण्यांत पडतांच फिरकी थांबली नाहीं, तर दोरीचा असा गुंता होतो कीं तो सोडविण्यांत सकाळ जावी; म्हणून अंगठा फिरकीवर हलकेच टेकवून तिचा वेग आवरावा लागतो. अंगठ्याच्या स्पर्शानें आवरतां येईल आणि मासळीच्या वजनानें फिरेल इतकें निर्वेध यंत्र त्या काळच्या लहान गांवांत एकाच माणसाच्या हातून होण्यासारखें होतें, आणि तो म्हणजे घड्याळजी.

बर्बन परगण्यांतील पॅरिस गांवीं जॉर्ज स्नायडर नांवाचा चांदीचें व घड्याळांचें काम करणारा कारागीर राहत असे. तेथील गळकऱ्यांच्या मंडळाचा तो अध्यक्षही होता. (हें पॅरिस फ्रान्समधील नव्हे, आणि पुढें येणारें फ्रँकफर्टही जर्मनींतील नव्हे, तें केंटकीच्या राजधानीचें नांव. स्थलनामांच्या सारखेपणानें फसलेले संशोधक आपल्याकडेही थोडे नाहींत.) स्वतःच्या उपयोगासाठीं व मित्रांसाठीं त्यानें गुणक रिळें घडविलीं. त्याच्यानंतर फ्रँकफर्ट येथील जोनाथन मीक व बेंजामिन मीक हे दोघे घड्याळजी बंधु, आणि त्यांच्या हाताखालीं शिकलेला बेंजामिन मिलॅम, यांनीं ही विद्या इतकी पुढें नेली कीं 'केंटकी रीळ' हें एका जातीचेंच नांव होऊन बसलें. मिलॅमच्या रिळांस १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत पारितोषिक मिळालें.

आतां घडणीविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण पुढील सर्व वाद त्यावर अवलंबून आहे. घड्याळजीजवळ चक्रांस दांते पाडण्याचें एक साधन असतें. एका मोठ्या चकतीवर अनेक समकेंद्र वर्तुळें असून प्रत्येकावर मोजकीं छिद्रें असतात. ४८ छिद्रांच्या वर्तुळांत खीळ अडकवून चकती एक एक घर पुढें सरकवावी, व प्रत्येक घरीं फिरतें पातें एकदां चालवावें, कीं चक्रास ४८ समान दांते पडतात. ज्योतिषाच्या विद्यार्थ्यास ही चकती पाहून राशिचक्राचे अंश आठवल्यावांचून राहणार नाहींत. बाजूच्या तबकड्या, त्यांस जोडणारे खांब, फिरकी, मूठ, हे सर्व भाग पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे. आपल्या घरांतून या धातूचीं भांडीं पूर्वीं पुष्कळ असत. त्यांत रुपें नांवालाही नसतें, तें तांबें, जस्त व निकेल यांचें मिश्रण होय. आंस पोलादाचे, टोकें झिलई केलेलीं; कांहीं रिळांत तर त्या टोकांखालीं घड्याळाप्रमाणें रत्नाचे खडे बसविलेले आढळतात. हे गोल भाग लेथवर कातून काढीत. रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत अवंतिनाथाचें वर्णन करतांना कालिदासानें चक्रभ्रमावर घालून तासलेल्या सूर्याची उपमा दिली आहे. तेथील 'भ्रम' शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यांस समजेना, तेव्हां आम्ही त्यांस सरळ कातारी आळींत पाठवीत असूं. पुराणांतरीं तर सूर्याच्या त्या तासलेल्या तेजापासूनच विष्णूचें चक्र घडविलें गेलें असें सांगितलें आहे. कातकामाची भुकटी वाया न घालविणारा विश्वकर्मा हा पहिलाच कारागीर म्हणावा.

परंतु या रिळांतील सर्वांत बोलकी गोष्ट आहे ती त्यांचीं मळसूत्रें. मीक व मिलॅम यांच्या रिळांत प्रत्येक मळसूत्रावर बारीक आंकडा कोरलेला असतो, आणि तें ज्या छिद्रांत बसावयाचें त्याच्यापाशींही तोच आंकडा असतो. ३ चें मळसूत्र ३ च्याच घरीं. याचें कारण शोभा किंवा चोखंदळपणा नव्हे. त्या काळीं आटे पाडण्याचें काम प्रत्येक कारागीर आपल्या पोलादी पट्टीच्या छिद्रांतून करी. दोन मळसूत्रें बरोबर सारखीं होण्याची हमी नसे, म्हणून प्रत्येक आपल्या छिद्रास घांसून जुळवावें लागे, आणि एकदां जुळलेली जोडी मोडूं नये म्हणून आंकडा घालावा लागे. आट्यांचें प्रमाण ठरविण्याचा विचार इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थनें १८४१ सालीं मांडला व अमेरिकेंत विल्यम सेलर्सनें १८६४ सालीं. त्याच्या आधीं घडलेली वस्तु ही एकमेव वस्तु; तिचा भाग दुसऱ्या कोठें बसावयाचा नाहीं. पोथीच्या पत्रांवर लेखक जसा समासांत आंकडा घालतो, तसाच हा आंकडा. पत्रें विस्कळित झालीं तरी तो ग्रंथ पुन्हां लावून देतो.

आतां कर्तृत्वाचा व काळाचा प्रश्न. स्नायडरनें पहिलें रीळ केव्हां केलें? प्रचलित लेखांत बहुधा १८१० च्या आसपासचा काळ दिलेला असतो, कोठें तो १८२० पर्यंत पुढें ओढलेला असतो. जेम्स हेन्शल यांचा ब्लॅक बास माशावरील ग्रंथ १८८१ चा. केंटकी रिळांची कीर्ति दूरवर नेण्यांत त्याचा वांटा मोठा. परंतु सत्तर वर्षांनंतर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवरून लिहिलेला काळ म्हणजे आपल्या बखरींतील काळ. तो अगदींच टाकाऊ नसतो, पण त्यावर इमारत रचूं नये. मेसन ब्राऊन या फ्रँकफर्टच्या न्यायाधीशासाठीं जोनाथन मीकनें आपलें पहिलें रीळ केलें, ही हकीगतही त्याच जातीची आहे. ती खरी असण्यास कांहीं हरकत दिसत नाहीं. पण तींतील बारकावे सांगणाऱ्यागणिक बदलतात. आणि स्नायडर हा गुणक रिळाचा आद्य कर्ता, असें जें अमेरिकन अभिमानानें कधीं कधीं लिहिलें जातें, तें तर वर दिलेल्या उस्टन्सनच्या व्यापारावरून सरळच बाद होतें. त्याचें श्रेय दुसरें आहे, व आमच्या मतें तें अधिक मोठें आहे: सदोष म्हणून नांवें ठेवलेलें यंत्र त्यानें आपल्या धंद्यांतील अचूकपणानें वापरण्याजोगें केलें.

रिळांच्या तबकडीवर कर्त्याचें नांव कोरलेलें असतें, त्यावरून काळ ठरवावा असें कोणासही वाटेल. दोघां मीक बंधूंचें जोडनाव १८४० नंतरच्या सुमारें दहाबारा वर्षांतलें. त्यानंतर थोरला भाऊ बाहेर पडला, आणि मीक व मिलॅम अशी भागीदारी झाली. ही भागीदारी थोडींच वर्षें टिकली. परंतु ती मोडल्यावरही मिलॅम हा एकटा काम करीत असतां तेंच जोडनाव रिळांवर कित्येक वर्षें कोरीत राहिला! म्हणजे 'मीक व मिलॅम' या अक्षरांवरून त्या रिळास मीकचा हात लागला होता असें म्हणतां येत नाहीं. नाण्यांच्या संग्राहकांस याचें नवल वाटूं नये. शाह आलम १८०६ सालीं वारला, तरी त्याच्या नांवाचे रुपये कंपनी सरकारच्या टांकसाळींतून १८३५ पर्यंत पडत होते, आणि बंगाल्यांतील रुपयांवर तर त्याचें १९ वें राज्यवर्षच कायमचें गोठवून टाकलें होतें. पोथ्यांतही लेखक मूळ प्रतीची पुष्पिका तिथिवारासकट जशीच्या तशी उतरवितो, आणि घाईचा वाचक तीच त्या प्रतीची तिथि समजतो. बाजारांत चाललेलें नांव हें कर्त्याचें नांव नव्हे, पत असलेलें नांव होय.

मग खरा पुरावा कोणता? तो आंत असतो. दांत्यांचा आकार, मळसूत्रांचे आटे, आंकड्यांचें वळण, खांब तबकडीस कसे जोडले आहेत ती रीत. अक्षरवटिकेवरून जसा लेखक ओळखतां येतो, तसा या खुणांवरून हात ओळखतां येतो. आणि येथेंच आजची अडचण उभी राहते.

बेंजामिन मीक १८८२-८३ च्या सुमारास लुइव्हिलला गेला, तेथें त्यानें मुलांसह कारखाना चालविला, आणि १९१६ सालीं तो कनेक्टिकटमधील हॉर्टन कंपनीकडे विकला गेला. तोंपर्यंत ठराविक मापाच्या भागांचीं कारखानी रिळें सर्वत्र झालीं होतीं. कारखानी रिळाचा भाग गेला तर दुसऱ्या तशाच रिळांतून काढून घालतां येतो. जुन्या हातघडणीच्या रिळाला तो मार्ग नाहीं. त्याचा भाग पुन्हां घडवावाच लागतो. हल्लीं अमेरिकेंत व अन्यत्र लेथ बाळगणारे हौशी कारागीर असे भाग करून देतात, आणि त्यांतील कांहींचें काम मूळ कर्त्यांस लाज आणील इतकें सुबक असतें.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. हरवलेल्या मळसूत्राच्या जागीं नवें करावयाचें तर प्रथम छिद्रांतील आटे मोजावे लागतात, आणि ते आजच्या कोणत्याच कोष्टकांत बसत नाहींत. कोष्टकांतलें जवळचें माप घेऊन बळजबरीनें पिळलें, तर मळसूत्र बसतें पण छिद्रांतील मूळ आटे कायमचे नाहींसे होतात. म्हणून लेथवर एकच दांत्याच्या हत्यारानें, त्या छिद्रापुरते, आटे हळूहळू पाडावे लागतात. दंतचक्राचेंही तसेंच. घड्याळजींच्या परंपरेंतील दांत्यांचा वक्र एक, आणि आजच्या यंत्रशाळेंत सर्रास चालणाऱ्या पात्यांनीं पडणारा वक्र दुसरा. एका जुन्या व एका नव्या वक्राचें चक्र जोडलें तर फिरण्यास तीं फिरतात; पण घरघर ऐकूं येते, आणि कांहीं दिवसांनीं झिजतें तें बहुधा जुनें चक्र. धातूचा रंगही जुळत नाहीं. जर्मन सिल्व्हरमध्यें निकेलचें प्रमाण कमीअधिक असलें कीं नवा भाग पिंवळट किंवा पांढुरका दिसतो, मग तो दडविण्यासाठीं रसायनें लावून काळसर करतात.

या शेवटच्या प्रकाराशीं आमचा विरोध आहे. संग्राहकांत दोन तट आहेत. मोडकें असेल तें मोडकेंच ठेवावें असें एकाचें म्हणणें. यंत्र चाललें पाहिजे, म्हणून भाग करून घालावा असें दुसऱ्याचें. आम्ही दुसऱ्याकडे झुकतों. रिळाच्या फिरण्यांतच त्याच्या कर्त्याचें कौशल्य आहे, आणि न फिरणारें रीळ म्हणजे अर्थ न लागणारी पोथी. परंतु भाग घालणें वेगळें आणि तो जुना भासविणें वेगळें. एकाद्या रिळांत तीन मळसूत्रें, मूठ व एक चक्र नवें घालून त्यांवर जुने आंकडे कोरले, रंग चढविला, आणि तीस वर्षें तें हातोहात फिरलें, कीं पुढचा अभ्यासक त्याच आट्यांवरून व दांत्यांवरून मीकच्या हाताचीं लक्षणें ठरवूं लागणार. अशा एका रिळानें साऱ्या मालिकेचा काळ चुकतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ घातलेली आहे. पाठ तेथेंच असतो, वाचनाचा ओघ तुटत नाहीं, आणि तरीही वाचकाची फसवणूक होत नाहीं. ज्या पोथींत हरवलेलें पत्र नव्या कागदावर, नव्या अक्षरांत लिहून घातलेलें असतें ती आपण कधीं त्याज्य मानली नाहीं. जुन्या कागदाचा धूर देऊन रंग आणलेल्या पत्रास मात्र बनावटच म्हटलें.

तेव्हां ज्यांच्याकडे अशीं रिळें असतील किंवा आपल्याकडील तसल्याच वस्तु, म्हणजे जुनीं घड्याळें, सूक्ष्म तराजू, कळीचीं कुलुपें असतील, त्यांनीं कारागिराकडे वस्तु देण्यापूर्वीं तिचीं मापें व छायाचित्रें घ्यावीं. काढलेला जुना भाग, मग तो अर्धा तुटका कां असेना, फडक्यांत बांधून वस्तूबरोबरच ठेवावा. नव्या चक्राच्या आंतल्या बाजूस साल व कारागिराची खूण कोरून घ्यावी. आणि मळसूत्राच्या बाबतींत तर एवढेंही करण्याची गरज नाहीं: छिद्रापाशीं ३ असा आंकडा असावा, आणि त्यांतील मळसूत्राचें डोकें कोरेंच राहूं द्यावें.